मुंगळ्यांचं कोवळं बिऱ्हाड: नळीतच ठेवायचं की घरट्यात, आणि ऊब कशाची द्यायची?

मृगाचे पहिले चांगले पाऊस झाले की संध्याकाळी दिव्याखाली मुंगळ्यांच्या पंख गाळलेल्या मोठ्या काळ्या राण्या भिंतीच्या कडेनं पळताना दिसतात. यंदा बेळगावात ज्या पोरांनी अशी एखादी राणी उचलून नळीत ठेवली, त्यांच्याकडे दिवाळीपर्यंत आठ-दहा कामकरी मुंगळे झाले असतील. आता थंडी येते आहे आणि घरोघरी तेच दोन प्रश्न आहेत. मोठं घर घ्यायचं का? आणि गरम कसं ठेवायचं?

माझं मत आधीच सांगते. ही थंडी नळीतच काढू द्या, आणि नळी थर्माकोलच्या पेटीत ठेवा. पैसे खर्च करायचेच असतील तर ते उन्हाळ्यात मातीच्या घरट्यावर करा.

नळी म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतली साधी काचेची परीक्षानळी. तळाशी एक तृतीयांश पाणी, त्यावर घट्ट दाबलेला कापूस, मग मुंगळ्यांची जागा, आणि तोंडाला पुन्हा कापूस. कापूस सतत ओलसर राहतो म्हणून अंडी आणि अळ्या कोरड्या पडत नाहीत. जागा अरुंद असते, आणि कोवळ्या बिऱ्हाडाला तीच हवी असते. राणीनं पहिली पोरं वाढवली ती अन्नाचा कण न खाता, स्वतःच्या पंखांचे स्नायू जिरवून. तिला आता शांतता लागते, दालनं नकोत. नळीचा दोष एकच. काही महिन्यांत पाणी संपतं किंवा कापूस काळा पडतो. तेव्हा दुसरी भरलेली नळी तोंडाला तोंड लावून जोडायची, नवीवर काळा कागद गुंडाळायचा आणि जुनी उजेडात ठेवायची. मुंगळे आपलं सामान स्वतःच हलवतात.

तयार मिळणारी ॲक्रिलिकची घरटी दिसायला सुंदर असतात, त्यामुळे मुलं तीच मागतात. पण ॲक्रिलिक पाणी शोषत नाही. कुठे थेंब साचतात, कुठे ठणठणीत कोरडं. शिवाय दहा मुंगळ्यांना एवढी जागा दिली की ते एका कोपऱ्यात राहतात आणि बाकीच्या दालनांत खरकटं टाकतात, मग तिथे बुरशी धरते. प्लास्टर ऑफ पॅरिसचं घरटं ओल धरतं, पण आपल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत तेही बुरशीचं माहेरघर होतं. खानापूरकडे कुंभारकाम अजून चालतं. तिथून भाजलेल्या मातीचं जाड, उथळ ताट करून घ्या, त्यात खोबणी ठेवा आणि वर काच बसवा. माती पाणी पिते आणि हळूहळू सोडते. ॲक्रिलिकपेक्षा मला ते कितीतरी भरवशाचं वाटतं, पण तीसेक कामकरी झाल्यावर. त्याआधी नाही.

आता उबेचं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा 14-15 अंशांपर्यंत उतरतो, घरात त्याहून चार-पाच अंश जास्त असतो. एवढ्या थंडीनं मुंगळे मरत नाहीत, पण अंड्यापासून कामकरी होण्याची वाट लांबते. 25 ते 28 अंशांत जे काम दीड-दोन महिन्यांत होतं ते रेंगाळतं. म्हणजे ऊब वाढीच्या वेगासाठी हवी, जीव वाचवायला नव्हे. घाई नसेल तर काहीच लावू नका, हाही चांगला पर्याय आहे.

जुन्या तारेच्या झिरो बल्बची थोडी ऊब मिळायची. हल्लीचा एलईडी झिरो अर्ध्या वॅटचा, त्यात ऊब नाहीच. शिवाय रात्रभर उजेड पडला की राणी बिथरते. सरड्या-कासवांसाठी मिळणारी पाच-सात वॅटची गरम चटई मात्र थर्मोस्टॅटसह (ठरलेली ऊब झाली की वीज आपोआप बंद करणारं यंत्र) उत्तम. थर्मोस्टॅटशिवाय नको, बंद पेटीत ती पारा कुठवर नेईल सांगता येत नाही. चटई नळीच्या तोंडाकडच्या कोरड्या भागालाच लागेल अशी ठेवा. सकाळी झाकण उघडून बघा: तपकिरी कोष एकाशेजारी एक उबेकडे लावलेले, आणि अंडी-अळ्यांचा पुंजका मात्र ओल्या कापसाला चिकटून. कुणाला किती ऊब आणि किती ओल हवी ते त्यांना कळतं. आपण दोन्ही टोकं वेगळी ठेवायची.

हे मी एक बिऱ्हाड गमावून शिकले. नळी टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर आडवी ठेवली होती, पाण्याचं टोक गरम बाजूला. पाण्याच्या कप्प्यात हवेचा बुडबुडा होता. हवा तापून फुगली, पाणी कापसातून पुढे ढकललं गेलं आणि सकाळी राणी पाण्यात होती. ते अजून मनातून जात नाही.

चटई नसेल तर थर्माकोलची पेटी आणि कोमट पाण्याची बाटली, टॉवेलात गुंडाळलेली, नळीपासून चार बोटं लांब. रात्री एकदा भरली की पहाटेपर्यंत पुरते. खेड्यात वीज गेली तरी चालते, म्हणून माझी पहिली पसंती हीच.

गावागावात फरक आहे. जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस आणि दमट हवा इतकी की तिथे कापूस लवकर बदलावा लागेल. अथणी-चिकोडीकडे मे महिन्यात प्रश्नच उलटा: गारवा द्यायचा. तिथे मातीचं घरटं माठासारखं काम करतं, बाहेरून ओलं ठेवलं की आतून थंड. निपाणीत घरात तंबाखूची पोती असतील तर बिऱ्हाड त्या खोलीत नको, निकोटीन कीटकांना विषच. मच्छरांची वडी आणि प्लगला लावायचं औषध सगळीकडेच बंद, निदान त्या खोलीत.

राणी आपल्या अंगणातली, रस्त्यावरचीच उचला. भीमगड अभयारण्यातून काहीही आणू नका.

उन्हाळ्यात मातीच्या घरट्यात हलवताना नळी झटकू नका. नळीचं तोंड घरट्याच्या दाराशी लावा, घरटं झाका, नळी उजेडात ठेवा. दोन दिवस, कधी चार दिवस जातात. मग एखादा कामकरी कोष तोंडात धरून दारातून आत जातो, परत येतो, दुसरा उचलतो. राणी बहुधा सगळ्यांच्या नंतर निघते.