मास्टर बन घरी नाहीत

इंग्लंडात राहून जुने खेळ जमवायचा नाद असणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझे ९० पौंड गेले, तुमचे जाऊ नयेत.

'हॅपी फॅमिलीज' हा इंग्रजांचा पत्त्यांचा खेळ. लंडनच्या जेक्स कंपनीने १८५१च्या महाप्रदर्शनाच्या सुमारास काढलेला. एकेक घर एकेका धंद्याचं: मिस्टर बन पाववाले, मिस्टर बोन्स खाटीक, मिस्टर चिप सुतार, मिस्टर सूट धुराडी साफ करणारे. घरटी चार पत्ते: नवरा, बायको, मुलगा (मास्टर), मुलगी (मिस). डोकी ही एवढाली, अंगं चिमुकली. आपल्याकडे सुतार, लोहार ही आडनावंच, त्यामुळे मला हा खेळ परका वाटलाच नाही. "मिसेस बन घरी आहेत का?" असं विचारायचं, पत्ता नसेल तर समोरचा म्हणणार, "घरी नाहीत."

जुन्या वस्तूंच्या बाजारात एकाकडे या खेळाचा डबा दिसला. म्हणाला, "व्हिक्टोरियन आहे, आजीचा. चित्रं टेनियलची." टेनियल म्हणजे अ‍ॅलिस इन वंडरलँड पुस्तकाची चित्रं काढणारे. खेळाची चित्रंही त्यांची असावीत असं म्हणतात, पण चित्रकाराचं नाव कंपनीने छापलंच नव्हतं. हे मला ठाऊक होतं, तरी हुरळलो. त्याने पत्ते समोर मोजून दिले: ४४, म्हणजे ११ घरं. पैसे रोख दिले, पावती मागायचं सुचलंही नाही.

रात्री तिघं खेळायला बसलो. मास्टर बन कुणाकडेच निघेना! आणि डॉक्टरांची मुलगी, मिस डोस, दोनदा. मोजणी बरोबर, बनांचं घर मात्र मोडलेलं. दोन्ही मिस डोस शेजारी ठेवल्या. एकीचा पिवळेपणा कडांना गडद, मधे फिका, चहात बुडवून वाळवल्यासारखा. भिंगाखाली तिच्या गालावर सरळ ओळीत बारीक ठिपके, म्हणजे अलीकडची छपाई. दुसरीचे ठिपके वेडेवाकडे, हाताने टिंबं दिल्यासारखे. नोटा तपासायचा जांभळा दिवा धरला तर पहिली निळसर चकाकली. कागदाला असा पांढरेपणा आणणारी रसायनं साधारण १९५०नंतरची. ४४ पैकी १९ पत्ते असे निघाले.

कहर म्हणजे नियमांच्या कागदावर छापखान्याचा पत्ता 'लंडन ई.सी. १'. लंडनच्या टपाल विभागांना आकडे लागले १९१७मध्ये. व्हिक्टोरिया राणी गेली १९०१मध्ये. हे तिथल्या तिथे दिसायला हवं होतं. मी चित्रांतच गुंगलो.

त्याने दिलेला फोन नंबर लागत नाही. व्यापाऱ्याचा माल वर्णनाप्रमाणे नसेल तर २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याने ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. पण मागायचे कुणाकडे? नाव नाही, पावती नाही.

परवा दुसऱ्या बाजारात असाच एक डबा दिसला. "पावतीवर 'व्हिक्टोरियन, सगळे पत्ते मूळ' एवढं लिहून द्या," म्हटलं. विक्रेत्याने डबा माझ्या हातून घेतला आणि परत काचेखाली ठेवला.