कोब्यावरील पत्र्याच्या शेडसाठी दोन घटकांचा पॉलिमर-सिमेंट लेप: वापरानंतरचे परीक्षण

उदगीरजवळच्या आमच्या गावी परसात दहा बाय बारा फुटांचे पत्र्याचे शेड आहे. त्यात बियाणे, खते आणि फवारणीचे पंप ठेवले जातात. त्याच्या कोब्याला आम्ही दोन घटकांचा, म्हणजे पावडर आणि द्रव एकत्र कालवून लावायचा, पॉलिमर-सिमेंट लेप दिला. 2025 च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा त्याची खरी कसोटी लागली. लेपाबद्दल माझे मत चांगले आहे. मात्र तो एकाच प्रकारची ओल अडवतो आणि दुकानदार ही गोष्ट सहसा सांगत नाहीत.

शेडच्या तळाशी पाणी दोन वाटांनी येते. पहिली वाट खालून असते. आपली काळी माती पावसाचे पाणी दीर्घकाळ धरून ठेवते आणि काँक्रीटमधील सूक्ष्म छिद्रांतून ती ओल वर चढते. दुसरी वाट कडेने, पत्र्याचा खालचा काठ आणि कोबा यांच्यामधील फटीतून असते. आपल्याकडे कोणती वाट आहे हे पाहण्यासाठी साधारण दीड फूट लांबी-रुंदीचे प्लास्टिक कोब्यावर अंथरून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद कराव्यात आणि ते रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या अंगाला दव जमलेले दिसले, तर ओल खालून येत आहे असे समजावे. आमच्याकडे दव होतेच, शिवाय पावसानंतर भिंतीलगत पाण्याचे ओघळही दिसत होते.

खालून चढणाऱ्या ओलीवर लेपाने उत्तम काम केले. त्याचे बरेचसे श्रेय पूर्वतयारीला द्यावे लागेल. तारेच्या ब्रशने कोब्यावरची भुसभुशीत साय काढली, पृष्ठभाग पाण्याने भिजवला आणि साचलेले पाणी पुसून घेतल्यावर पहिला हात दिला. तो वाळल्यावर दुसरा हात आडव्या दिशेने फिरवला. गवंड्यांना मिश्रण पातळ करण्यासाठी वरून पाणी घालण्याची सवय असते. येथे ते कटाक्षाने टाळावे, कारण त्यामुळे लेपाची ताकद जाते. कालवलेले मिश्रण लवकर घट्ट होते, म्हणून एका वेळी थोडेच कालवावे. पोती ओढल्याने लेप खरवडला जाऊ नये यासाठी आम्ही त्यावर सिमेंट-वाळूचा पातळ थर दिला.

कडेच्या पाण्यापुढे मात्र हा लेप एकटा पुरत नाही. आमचा कोबा शेडच्या भिंतीबाहेर अर्धा फूट पुढे आलेला आहे. पत्र्याच्या नाळ्यांतून उतरणारे पाणी त्या कठड्यावर पडते, उताराअभावी तेथेच थबकते आणि खालच्या अँगलखालून आत सरकते. या फटीत केवळ सिमेंटचा वाटा, म्हणजे कोपऱ्यातला गोलसर भराव, मारून भागत नाही. उन्हाळ्यात पत्रा तापून पसरतो, रात्री आकसतो आणि दोन-तीन महिन्यांतच वाटा पत्र्यापासून सुटतो. म्हणून आम्ही फट कोरडी व स्वच्छ करून त्यात पॉलियुरेथेन सिलंट भरले, बाहेरच्या कठड्याला शेडपासून दूर जाणारा उतार दिला आणि छताला पन्हाळ बसवून पाणी दूर सोडले. माझ्या मते शेड कोरडे राहण्यात या उताराचा वाटा लेपापेक्षाही मोठा आहे.

सप्टेंबरच्या झडीत आतली जमीन कोरडी राहिली. एका कोपऱ्यात कोब्याला जुनी भेग आहे, तेथे मात्र ओल दिसली. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे अशी हलती भेग नुसत्या लेपाने बुजत नाही. ती कोरून तिच्यात लवचीक सिलंट भरावे लागते. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा 12 टक्के असते, हे लक्षात घेता पोती आजही लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवणेच शहाणपणाचे आहे.

आमची एक तक्रार आहे. डब्यावरील सूचना फक्त इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत होत्या. ज्या गवंड्याच्या हाती हे काम असते, त्याला समजेल अशा मराठीत प्रमाण आणि कृती छापणे ही उत्पादकाची जबाबदारी आहे.

शेड अजून बांधायचे असेल, तर या लेपाच्या आधी दोन स्वस्त गोष्टी कराव्यात: मुरमावर 250 मायक्रॉनचे प्लास्टिक अंथरूनच काँक्रीट ओतावे आणि जोते अंगणापेक्षा किमान सहा इंच उंच ठेवावे. कोबा अंगणाच्या पातळीखाली असेल आणि त्याला टेकून पाणी साचत असेल, तर हा लेप विकत घेऊ नये. आधी पाण्याचा निचरा करावा. काम मृगाच्या बरेच आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकावे. मे महिन्यातच करणे भाग असेल, तर लेप ऊन उतरल्यावर लावावा, कारण तापलेल्या कोब्यावर तो अकाली वाळतो आणि त्याला केसासारख्या भेगा पडतात.