कॅन्सरवरचे नॅनो मेटल ड्रॉप्स, घ्यायच्या आधी हे वाचा

रेटिंग १/५. आमच्या निपाणीच्या मामांना तोंडाचा कॅन्सर आहे, बेळगावात रेडिएशन चालू आहे, तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून मामींनी इथल्याच एका दुकानातनं ही बाटली आणली. नाव लिहीत नाही, वेगवेगळ्या नावानं असलाच माल विकालेत.

लेबलवर लिहिलंय मेटलचे नॅनो (म्हणजे अतिबारीक) कण ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस देऊन कॅन्सरच्या पेशी मारतात, आणि त्याच्याच खाली मोठ्या अक्षरात 'पॉवरफुल अँटिऑक्सिडंट'. अहो दोन्ही उलट आहेत की! एक जाळणारं, एक विझवणारं. मी दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, "फॉरेनचं सायन्स आहे ओ काका, बिनधास्त द्या."

सायन्स खरं आहे, ते या बाटलीत नाही एवढंच. कॅन्सरच्या पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड बऱ्याचदा जास्त असतं, तिथं लोखंडाचे कण पोचले की फेंटन रिअॅक्शन नावाची रासायनिक क्रिया होऊन हायड्रॉक्सिल रॅडिकल म्हणजे फार तापट कण तयार होतात आणि ते पेशीचं आवरण, डीएनए, जे जवळ सापडेल ते तोडतात. पेशी पण गप्प बसत नाही, ग्लुटाथायोन हे स्वतःचंच अँटिऑक्सिडंट वापरून बचाव करते, म्हणून संशोधक तांबं, मँगनीज वापरून तो साठाच संपवायला बघतात. पण यातलं बहुतेक काम अजून लॅबमध्ये आणि उंदरांवर आहे. युरोपात २०१९ साली हाफनियम या धातूच्या ऑक्साइडच्या कणांना सॉफ्ट टिश्यू सार्कोमासाठी (स्नायू, चरबी असल्या मऊ भागांचा कॅन्सर) मान्यता मिळाली, पण ते थेट गाठीत इंजेक्शननं देतात आणि वरनं रेडिएशन देतात. जिभेवर चार थेंब टाकून ते गाठीपर्यंत कसं जाणार?

आणि असल्या थेंबात चांदी असली, ती सतत पोटात गेली तर कातडी निळी-करडी पडते, ती परत सहसा नीट होत नाही. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांवर नजर ठेवणारं सरकारी खातं) १९९९ लाच सांगितलंय की असली चांदीची औषधं सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाहीत. आपल्याकडं तर १९५४ च्या कायद्यानं कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायलाच बंदी आहे.

बाटलीवर कुठला धातू किती मिलिग्रॅम ते नाही, लायसन्स नंबर नाही. बिल मागितलं तर साध्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला.

डॉक्टरांनी बाटली बघून लगेच बंद करायला लावली. रेडिएशन पण बरंचसं ह्याच रॅडिकलच्या जोरावर गाठ मारतं, मग मधेच अँटिऑक्सिडंट कशाला, म्हणाले. मामींना फार वाईट वाटलं, त्यांनी मायेनंच आणली होती ओ. तुमच्या घरात असली बाटली असेल तर लपवू नका, लेबलसकट डॉक्टरांना दाखवा, आणि रेडिएशनची एकही तारीख चुकवू नका.