प्रदर्शनातला टाका आणि खोक्यातले मशीन

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिने आजीकडून धावदोरा आणि उलटी टीप शिकून घेतली, जुन्या परकराच्या कापडाची एक उशी शिवली आणि त्यानंतर मशीनसाठी टुमणे लावले. सासूबाईंचे पायमशीन गावी जाऊबाईंकडे असते आणि ते इकडे आणले असते तरी तिचे पाय पायडलवर नीट टेकत नाहीत. त्यामुळे तिच्या हाताला झेपेल असे लहान मशीन आम्ही शोधत होतो. त्या शोधात माझी १,८५० रुपयांना फसगत झाली. रक्कम फार मोठी नाही, परंतु ज्या पद्धतीने ती काढून घेतली गेली ती इतकी सराईत होती की, आपल्याच गावातल्या एखाद्या मंगल कार्यालयात उद्या तोच प्रकार दिसण्याची शक्यता आहे. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमच्या सांगलीत, लग्नाच्या तिथी नसतात त्या दिवसांत, मंगल कार्यालये 'प्रदर्शन व विक्री'साठी भाड्याने दिली जातात. लोणची, चादरी, कृत्रिम दागिने आणि नॉनस्टिक तवे यांच्या मध्ये एका टेबलावर पांढऱ्या-जांभळ्या रंगाची छोटी मशीन मांडली होती आणि वर 'मुलांसाठी खास शिलाई मशीन' असा फलक होता. टेबलामागची बाई फार सफाईने शिवत होती. दुहेरी कापडाची पट्टी सुईखाली सरकवायची, सरळ टीप मारायची, पट्टी फिरवून दुसरी टीप मारायची आणि कापून समोरच्याच्या हातात द्यायची. "ताई, दोन्ही बाजूंनी बघा, सारखाच टाका आहे," असे ती म्हणाली आणि तो खरोखरच सारखा होता. सुईजवळचे झाकण उघडून तिने आतले बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याचे छोटे रीळही दाखवले.

शनिवारी आम्ही नुसते पाहून आलो. सासूबाई म्हणाल्या, "घ्यायचंच असेल तर आपलं कापड घेऊन जा. दुकानदाराच्या कापडावर सगळीच मशीनं गुणी असतात." मला ते जुन्या माणसांचे शंकेखोर बोलणे वाटले आणि रविवारी संध्याकाळी मी मुलीला घेऊन रिकाम्या हाताने गेले. छापील किंमत ३,२०० रुपये होती. 'फक्त आज' १,८५० रुपये आणि सोबत कात्री व बारा रिळे फुकट. माझ्यापुढे हिरव्या ओढणीची एक बाई "माझ्या बहिणीसाठी अजून एक द्या" असा आग्रह करत होती. शनिवारीही तीच बाई, त्याच ओढणीत, पहिल्यांदाच मशीन पाहत असल्यासारखे प्रश्न विचारत होती. हे मला तेव्हा दिसले, पण त्याचा अर्थ लागला नाही. माणूस खरेदीच्या भरात असला की दिसलेले सगळे डोक्यापर्यंत जात नाही.

टेबलावरचे मशीन मागितले तर "ते डेमोचं आहे ताई, वापरलेलं कशाला नेता, सीलबंद घ्या" असे उत्तर मिळाले. खोके उघडून पाहू म्हटले तर सील तोडल्यावर वॉरंटी जाते असे सांगण्यात आले. मुलीला एकदा बसून चालवू द्या, अशी विनंती केली तेव्हा मागे रांग असल्याचे कारण निघाले. पैसे क्यूआर कोडवर दिले, त्या वेळी फोनच्या पडद्यावर दुकानाचे नव्हे, तर कुणा व्यक्तीचे नाव आले. बिल म्हणून जो कागद मिळाला त्यावर जीएसटी क्रमांक नव्हता, पत्ता नव्हता. 'शिलाई मशीन १ नग' आणि एक मोबाइल क्रमांक, एवढेच. "बुधवारपर्यंत आम्ही इथेच आहोत, काही वाटलं तर बदलून देऊ," हे मात्र तिने दोनदा सांगितले.

सोमवार-मंगळवार मुलीची चाचणी परीक्षा असल्याने खोके मंगळवारी संध्याकाळी उघडले. बाहेरून मशीन हुबेहूब तसेच होते. दोरा एका रिळातून सुईपर्यंत आणायचा, एवढेच चित्र पत्रकावर होते. आम्ही बॉबिन कुठे बसवायचे ते शोधत राहिलो आणि सापडले नाही. सुईजवळचे झाकण उघडले तर आत बॉबिनसाठी जागाच नव्हती, एक बारीक आकडा तेवढा फिरत होता. तरीही मुलीने हौसेने आजीच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घेऊन पेन्सिली ठेवण्यासाठी पिशवी शिवली. मधे चार-पाच ठिकाणी टाके सुटले होते. बाकी पिशवी बरी दिसत होती. शेवटी लोंबणारा दोरा कापण्यासाठी तिने तो बोटाने जरा ताणला आणि सर्रकन सबंध बाजू उघडली. दोरा अखंड तिच्या हातात, कापड दोन्हीकडे सुटे. ती रडली नाही. तिने आजीकडे पाहिले. सासूबाईंनी दुसऱ्या बाजूची शिवण उलटी करून दिव्याखाली धरली आणि म्हणाल्या, "अगं, हा तर खताच्या पोत्याचा टाका आहे."

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. नेहमीच्या मशीनमध्ये वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात. म्हणून टीप दोन्हीकडून सारखी दिसते आणि एक टोक ओढल्याने उसवत नाही. एका दोऱ्याच्या मशीनमध्ये आतला आकडा प्रत्येक टाक्याचा फास धरून ठेवतो आणि पुढचा फास त्यातून ओवला जातो. वरून सरळ टीप दिसते, पण खालून साखळी असते आणि शेवटाचे टोक गाठ न मारता सोडले तर ती शेवटाकडून सुरुवातीपर्यंत उकलते. पोत्याचे तोंड झटकन उघडावे म्हणून हा टाका मुद्दाम वापरतात. शिकणाऱ्या मुलीच्या हातात मात्र तो शिक्षाच आहे.

प्रदर्शनात मिळालेली पट्टी घरातच होती. ती शेजारी ठेवली तेव्हा दोन गोष्टी उघड झाल्या. एक, पट्टीवरचा टाका दोन दोऱ्यांचा होता, म्हणजे टेबलावरचे मशीन आणि खोक्यातले मशीन यांचे फक्त कवच सारखे होते. दुसरी गोष्ट सासूबाईंनी पट्टी चुरगाळून दाखवली: ते खळ असलेले, पुठ्ठ्यासारखे कडक मांजरपाट होते. मऊ कापड सुई वर येताना तिच्याबरोबर थोडे उचलले जाते, दोऱ्याचा फास नीट तयार होत नाही आणि टाका सुटतो. कडक कापड जागचे हलत नाही, त्यामुळे सुमार मशीनही त्यावर देखणी टीप मारते.

बुधवारी सकाळी दहा वाजता मी खोके घेऊन कार्यालयात पोहोचले, तर दारात केळीचे खांब बांधणे चालू होते आणि आत कुणाच्या तरी हळदीची तयारी होती. प्रदर्शन मंगळवारी रात्रीच आवरले होते. व्यवस्थापकांनी दिलेला क्रमांक माझ्या कागदावरचाच निघाला आणि तो बंद होता.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार केली. तिथे पहिला प्रश्न विक्रेत्याचे नाव आणि पत्ता हाच असतो आणि माझ्याकडे नेमके तेच नव्हते. कायदा दुबळा आहे असे नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे, तसेच बिलात मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांच्या आत आणलेला सदोष माल परत न घेणे, या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथेत येतात. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारांना तिथे शुल्कही नाही. पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो. खोके नीट वाचले असते तरी मी सावध झाले असते: १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, ते नव्हते, आणि ही वस्तू खेळणे नाही असे धरले तरी बंद खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता असायलाच हवा, तोही नव्हता.

महिन्याभराने आम्ही गावातल्या एका जुन्या दुकानात गेलो, जिथे विक्री आणि दुरुस्ती एकाच बाकावर चालते. या वेळी पिशवीत लुगड्याचा तुकडा, जीन्सची दुमडलेली पट्टी आणि आमचे स्वतःचे रीळ होते. दुरुस्ती करणारे काका मला म्हणाले, "तुम्ही उभ्या राहा, तिला बसू द्या." तिने बॉबिन स्वतः भरले, चाक हाताने फिरवून सुई खाली-वर कशी जाते ते पाहिले आणि आमच्या तिन्ही कापडांवर (तिसरा तिचा रुमाल) टीप मारली. आम्ही हँडलचे काळे, लोखंडी मशीन घेतले. त्याला मोटर नाही, त्यामुळे वेग तिच्या हातात राहतो. हँडल थांबले की सुई थांबते. एक हात हँडलवर असल्याने कापड एकाच हाताने सांभाळावे लागते, ही अडचण खरी आहे, पण आठवड्याभरात ती सरावली. किंमत प्लॅस्टिकच्या मशीनच्या जवळपास तिप्पट पडली आणि पक्के बिल मिळाले.

शिकवण्याचे काम सासूबाईंनी घेतले आहे. पहिले चार दिवस सुईत दोराच ओवला नाही; जुनी सुई लावून वहीच्या रेघी कागदावर रेघेवरून भोके पाडायची, एवढाच अभ्यास होता. मग कोपरे: सुई कापडात खाली ठेवायची, दाबपाय (कापड दाबून धरणारा भाग) उचलायचा, कापड वळवायचे, दाबपाय खाली. कागदावरचा कोपरा जमल्यावर दोरा आला आणि तेव्हा बोटे सुईपासून किती लांब ठेवायची यासाठी मशीनच्या सुईखालच्या पट्टीवर खडूची रेघ आली.

पेन्सिलींची पिशवी मुलीने पुन्हा शिवली आहे. शिवून झाल्यावर लोंबणारा दोरा ती अजूनही आधी जोरात ओढून पाहते आणि मगच कापते.