मॅकट्यूटर: गणितज्ञांची चरित्रं फुकट, पण वाचायची कशी?

२२ डिसेंबरचा राष्ट्रीय गणित दिन आला की शाळेच्या भिंतीवर रामानुजनांचा फोटो लागतो, खाली १७२९ लिहिलं जातं, आणि चार्ट संपतो. त्यापुढे जायचं तर माहिती काढायची कुठून आणि खरी कोणती धरायची, हा तालुक्याच्या गावचा नेहमीचा प्रश्न. त्यावर सध्या सगळ्यात भरवशाची फुकट सोय म्हणजे मॅकट्यूटर, स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचं गणित-इतिहासाचं संकेतस्थळ. जॉन ओकॉनर आणि एडमंड रॉबर्टसन यांनी ते उभं केलं. त्याबद्दल लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीनं २०१५ साली दोघांना हर्स्ट पारितोषिक दिलं. चरित्रं तीन हजारांच्या आसपास आहेत. लॉगिन नाही, पैसे नाहीत.

धारणी-चिखलदऱ्याकडे किंवा भामरागडकडे जिथे नेटवर्क एक काडी दाखवून गायब होतं, तिथेही हे चालवता येतं, कारण पानांत मुख्यतः मजकूरच असतो. तरी पान उघडलं की लगेच उतरवून घ्या. फोनच्या क्रोममध्ये तीन टिंबं, मग शेअर, मग प्रिंट, आणि प्रिंटरच्या जागी ‘सेव्ह ॲज पीडीएफ’. सूत्रं नीट उमटल्याशिवाय सेव्ह दाबू नका. नाहीतर वर्गमूळ आणि घातांकाच्या जागी उलटतिरक्या रेघांचा कोड छापून येतो आणि झेरॉक्सचे पैसे वाया जातात. मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर आहे. म्हणजे मराठीत भाषांतर करून वाटायलाही हरकत नाही, फक्त मूळ स्रोताचं नाव द्यायचं आणि आपलं भाषांतरही त्याच परवान्यावर खुलं ठेवायचं. फोटोंचे हक्क मात्र वेगळे असू शकतात, ते तपासल्याशिवाय छापू नका.

खरी अडचण भाषेची. सगळं इंग्रजीत, तेही मृत्युलेखाच्या थाटाचं, लांबलचक. आठवी-नववीच्या पोट्ट्यांच्या हाती थेट द्यायचं हे काम नाही, मास्तरांनी आधी गाळून घ्यावं लागतं. यंत्राकडून भाषांतर करून घेतलं तर गणिताची वाट लागते. ‘फील्ड’चं शेत होतं, ‘रिंग’ची अंगठी. आपल्याकडे शेतीची सवय असल्यानं ‘संख्यांचं शेत’ कुणाला खटकतही नाही! ही बीजगणितातल्या रचनांची नावं. मराठी परिभाषेत फील्ड म्हणजे क्षेत्र, रिंग म्हणजे वलय, ग्रुप म्हणजे गट. हे तीन शब्द आधी वहीत लिहून ठेवले तर अर्धी गफलत टळते. आणि फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला मोठा सन्मान, त्याचा शेताशीही संबंध नाही, क्षेत्राशीही नाही. ते जॉन चार्ल्स फील्ड्स या कॅनडाच्या गणितज्ञाच्या नावाचं आहे, चाळिशीच्या आतल्यांना दर चार वर्षांनी मिळतं.

शाळेसाठी कोणतं एकच चरित्र घ्यावं? दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचं. जन्म डहाणूचा, १९०५ चा. देवळालीत शाळामास्तर, डॉक्टरेट नाही, आणि तरी जगाच्या यादीत नाव. त्यांचा ६१७४ वर्गात करायला फळा-खडू पुरतो. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. कोणतीही संख्या घेतली तरी शेवट ६१७४ वरच, जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. फसतं कुठे, तर शून्यापाशी. २१११ घेतली की पहिलं उत्तर ९९९ येतं. पोरं ते तीन अंकीच ठेवतात, मग ९९९ वजा ९९९ शून्य, आणि ‘सर, तुमचं गणित चुकलं’. ०९९९ लिहायला लावा: ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, पुढे ८०८२, ८५३२, ६१७४.

मोठ्या मुलांसाठी, म्हणजे बी.एस्सी.-एम.एस्सी.ला, मॅकट्यूटर एकटं पुरत नाही. आयुष्य छान कळतं, पण कोण कुणाच्या हाताखाली तयार झालं हे विखुरलेलं राहतं. त्यासाठी जोडीला मॅथेमॅटिक्स जिनिऑलॉजी प्रोजेक्ट, म्हणजे गणितज्ञांची गुरु-शिष्य वंशावळ, घ्या. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा स्टेट विद्यापीठातून चालतं, नोंदी तीन लाखांच्या वर. प्रत्येक नोंदीत विद्यापीठ, वर्ष, प्रबंधाचं नाव, मार्गदर्शक आणि विद्यार्थी. गाण्यातली घराणी पाहावीत तशी ही गणिताची घराणी.

श्रीराम अभ्यंकरांचं नाव टाकून पाहा. जन्म १९३० चा, उज्जैनचा, हार्वर्डची डॉक्टरेट १९५५ ची, मार्गदर्शक ऑस्कर झारिस्की. झारिस्कींच्या वर कास्टेलनुओव्हो, त्यांच्या वर व्हेरोनेसे: इटलीचं भूमितीचं घराणं. खाली झारिस्कींच्या विद्यार्थ्यांत हिरोनाका आणि ममफर्ड, म्हणजे अभ्यंकरांचे गुरुबंधू. आता मॅकट्यूटरचं पान शेजारी ठेवा, म्हणजे नुसत्या नावांना अर्थ येतो. बैजिक, म्हणजे बहुपदी समीकरणातून निघणाऱ्या, वक्रावर किंवा पृष्ठावर जिथे टोक निघतं किंवा स्वतःलाच छेद जातो, ते बिंदू गुळगुळीत करून घ्यायचे, हा या घराण्याचा मोठा प्रश्न. य चा वर्ग बरोबर क्ष चा घन, या वक्राला शून्यापाशी टोक आहे. य च्या जागी क्ष गुणिले त लिहा, क्ष चा वर्ग दोन्हीकडून काढा, उरतं क्ष बरोबर त चा वर्ग, साधा अन्वस्त. टोक गेलं. क्षेत्राचं लक्षण म्हणजे १ स्वतःत किती वेळा मिळवला की शून्य होतो तो आकडा, कधीच होत नसेल तर लक्षण शून्य. पृष्ठांसाठी, धन लक्षणाच्या क्षेत्रांवर, हे अभ्यंकरांनी १९५६ मध्ये छापून सिद्ध केलं. शून्य लक्षणावर सगळ्या मितींसाठी हिरोनाकांनी १९६४ मध्ये केलं, त्यांना १९७० चं फील्ड्स पदक मिळालं. धन लक्षणावरचा सर्वसाधारण प्रश्न अजून उघडाच आहे. एका पानावर हे कळत नाही, दोन पानं समोर असली की कळतं.

मूळ शोधनिबंध हवे असतील तर अर्काइव्ह (arXiv) हा शोधनिबंधांचा फुकट ऑनलाइन साठा आहेच. पॉइनकरे अनुमान सिद्ध करणारे रशियन गणितज्ञ पेरेलमन यांचे २००२-०३ चे तिन्ही निबंध तिथे आजही फुकट उतरवता येतात. समजतील असं मात्र समजू नका.

वंशावळीत जपायचं ते वर्ष आणि पदवी या रकान्यांत. रामानुजनांची १९१६ ची केंब्रिजची पदवी संशोधनावरची बी.ए. होती, केंब्रिजमध्ये पीएच.डी. त्यानंतर सुरू झाली. सतराव्या-अठराव्या शतकातले ‘मार्गदर्शक’ तर आजच्या अर्थानं मार्गदर्शकच नव्हेत. शिवाय ही यादी डॉक्टरेटवर चालते, म्हणून कापरेकरांसारखा माणूस तिथे नव्हे, मॅकट्यूटरवर शोधायचा. आपल्या भागातल्या एखाद्या प्राध्यापकांचं नाव सापडलं नाही तर त्याचं कारण साधं आहे: सातबाऱ्यावर फेरफार कुणी अर्ज दिल्याशिवाय चढत नाही, इथेही तसंच. अर्ज ऑनलाइन आहे. नाव, विद्यापीठ, वर्ष, प्रबंधाचं शीर्षक आणि मार्गदर्शक एवढं भरायचं, आणि नावाचं इंग्रजी स्पेलिंग प्रबंधाच्या पहिल्या पानावर असेल तेच ठेवायचं.