जांबोटीचं रान की हिडकलचं पाणी?

फेब्रुवारीत चार दिवसांची ऑनलाइन पक्षीगणना आली की आमच्या ग्रुपमध्ये वाद ठरलेला: बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या रानात जायचं की हिडकल धरणावर? नियम सोपा: किमान 15 मिनिटं एका जागी पक्षी बघा, मोजा, यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवा. आमची खासगी पैज वेगळीच. ज्याच्या यादीत कमी जाती, त्यानं सगळ्यांना कुंदा, म्हणजे बेळगावची खव्याची मिठाई, द्यायचा.

आकडा हवा असेल तर हिडकल. घटप्रभेच्या जलाशयाकाठी सगळं उघड्यावर असतं. शेकाट्या, पाणकावळा, चक्रवाक, धोबी, टिटवी. दुर्बीण फिरवत जा, यादी भराभर वाढते. बदकांचे थवे मोजताना मात्र घोळ होतो. चाळीसपर्यंत गेलो की थवा उडतो, पुन्हा एकपासून. शिवाय नऊनंतर ऊन नको म्हणतं.

खानापूरकडचं रान हट्टी. जांबोटीच्या पुढे भीमगड अभयारण्याच्या बाजूला गेलं की पक्षी दिसत कमी, ऐकू जास्त येतात. कुर्टुक दिवसभर ‘कुटुर्र कुटुर्र’ करतो, पण हिरव्या पानात हिरवा पक्षी, सापडायचा कसा? तासभर मान दुखेस्तोवर वर बघितलं आणि हाती चारच नावं! मग अचानक उंबरावर राखी धनेश येतो, चोचीच्या टोकानं फळ उचलतो, हवेत उडवून झेलतो. बघणाऱ्याला यादीचं भान राहत नाही.

आवाज ओळखणारं मर्लिन अ‍ॅप रानात कामाला येतं, पण त्याच्या भरवशावर नोंद करणं आमच्यात फाऊल.

यंदाही मी जांबोटीलाच जाणार. कुंद्याचे पैसे बाजूला काढून ठेवलेत.