पेठेतली कॉट की विद्यापीठातलं होस्टेल?

"मामा, होस्टेलच्या यादीत नाव लागलंय. पण मैत्रीण म्हणतेय सदाशिव पेठेत तिच्या खोलीत एक कॉट रिकामी होतेय. काय करू?" गेल्या जूनमध्ये भाचीचा अंबाजोगाईहून फोन आला. एम.ए. इतिहासाला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात प्रवेश मिळाला होता आणि होस्टेलवाल्यांनी उत्तर द्यायला चार दिवस दिले होते.

मी दोन्ही करून बसलोय. पहिलं वर्ष पेठेत काढलं, दुसरं विद्यापीठात. पण त्याला वीसेक वर्षं झाली, म्हणून भाचीसाठी दोन दिवस पुन्हा पेठेतले जिने चढलो-उतरलो. बाहेरगावाहून पुण्यात शिकायला येणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून लिहितोय.

आधी पैसे, कारण घरचे तेच विचारतात. तीन जणींच्या खोलीत एका कॉटला मला साडेतीन ते पाच हजार सांगितले, वर दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि वीजबिल वेगळं. दोन वेळची मेस आणि अभ्यासिकेतली खुर्ची धरली की खोलीइतकेच पैसे पुन्हा लागतात. होस्टेल यापेक्षा बरंच स्वस्त पडतं आणि अभ्यासाला वेगळी जागा भाड्याने घ्यावी लागत नाही. शिवाय विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजना आहे. रोज थोडे तास काम करून हातखर्च सुटला, अशी कितीतरी मुलं माझ्या वर्गात होती. पैशात होस्टेल जिंकतं, यात वादच नाही.

डिपॉझिटवरून एक आठवलं. माझ्या पहिल्या घरमालकांनी खोली सोडताना भिंतीतल्या दोन खिळ्यांचे पैसे कापले होते. खिळे माझ्या आधीच्या मुलाने ठोकलेले. खोलीत सामान टाकण्याआधी चारही भिंतींचे फोटो काढा आणि मालकांना त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवा.

आता मुद्द्याचं. या दोन जागांमध्ये अंतर साधारण सहा किलोमीटरचं, पण दिवस अगदी वेगळे जातात.

पेठेत विद्यार्थी हा प्राणी विद्यापीठाच्या कितीतरी आधीपासून आहे. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात पाठशाळा सुरू झाली, तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. गरिबाची मुलं वार लावून जेवायची, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. आज वारांच्या जागी मेस आली, पण आपला दिवस जेवणाच्या वेळेला बांधलेला असतो, हे तसंच आहे. मेसचा एक शब्द येण्याआधीच शिकून घ्या: खाडा. गावी जाताना आधी सांगितलं तर तेवढ्या दिवसांचे पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात. किती दिवस सलग गेलं तर खाडा धरतात, हे प्रत्येक मावशींचं वेगळं. पहिल्याच दिवशी विचारा, नाहीतर दिवाळीत वाद ठरलेला. आणि रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असते.

माझी खोली वाड्यात दुसऱ्या मजल्यावर होती. जिना लाकडी, पायऱ्या मधोमध झिजून पन्हाळीसारख्या झालेल्या, वरून दोर सोडलेला. तो धरल्याशिवाय चढता यायचं नाही. पाणी पहाटे साडेपाचला यायचं आणि सातला जायचं. ज्याची बादली आधी त्याची आंघोळ आधी, म्हणून आम्ही रात्रीच नळाखाली बादल्यांची रांग लावून झोपायचो. आता बरेच वाडे पाडून इमारती झाल्यात, टाक्या आल्यात. तरी खोली बघताना 'पाणी किती वाजता येतं' हा प्रश्न मालकांना विचारू नका, तिथे राहणाऱ्या मुलांना विचारा.

एवढा त्रास कशासाठी? तर उंबरा ओलांडला की सगळं चालत. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं. ऑगस्टमध्ये भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक, १९६३ पासून चालू असलेली एकांकिका स्पर्धा. माझा रूममेट वाणिज्य शाखेचा. तीन तास उभा राहून प्राथमिक फेरी बघून आला आणि पुढच्या वर्षी नेपथ्य उचलायला कॉलेजच्या टीममध्ये घुसला. इतिहासवाल्यांसाठी तर भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेतच आहे, १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी स्थापन केलेलं. तिथल्या जुन्या, मोडी लिपीतल्या कागदाचं एक पान वाचून लावायला चार वेळा जावं लागतं. रोज बस पकडून ते होत नाही. कोपऱ्यावर राहत असलात तर होतं.

एक इशारा. गेल्या काही वर्षांत सदाशिव पेठ आणि नवी पेठ ही स्पर्धा परीक्षांची छावणी झाली आहे. खोलीत बाकी दोघी एमपीएससीच्या असल्या तर दिवे, बोलणं, झोप, सगळं त्यांच्या वेळापत्रकाने चालणार. त्यांची चूक नाही. पण दोन वर्षांनी इतिहास बाजूला राहून तुमच्याही हातात चालू घडामोडींचं मासिक असतं, असं मी पाहिलंय. ज्यांना परीक्षाच द्यायची आहे त्यांनी मात्र दुसरा विचार करू नये, पेठेतच राहावं.

विद्यापीठात उलटं. १९४९ साली विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याला गणेशखिंडीतला गव्हर्नरचा बंगला मिळाला. म्हणून आवार चारशे एकरांवर, वड-पिंपळ म्हातारे, आणि मुख्य इमारत राजवाड्यासारखी. २२ जून १८९७ च्या रात्री याच बंगल्यातून राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव आटपून प्लेग अधिकारी रँड निघाला आणि गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी त्याला गाठून गोळी घातली. इतिहासाच्या मुलीला रोज त्याच आवारातून वर्गात जायचंय, हे काही थोडं नाही.

तिथे मिळतो तो वेळ. खोलीतून वर्गात दहा मिनिटं, वर्गातून जयकर ग्रंथालयात पाच. जयकरला बसायचं, कंटाळा आला की अनिकेत कँटीनला चहा, पुन्हा जयकर. जेवायला रिफेक्टरीची रांग. रांगेत पुढे भौतिकशास्त्रवाला, मागे पाली भाषेवाला. माझा लघुप्रबंध अर्धा त्या रांगेतल्या भांडणांवर उभा राहिला. पेठेत माझी ओळख फक्त खोलीतल्यांशी आणि मेसमधल्यांशी झाली होती.

तोटा संध्याकाळी कळतो. सातनंतर आवार शांत होतं, आणि नाटक बघून परत यायचं म्हटलं की बस, विद्यापीठ चौकातली कोंडी आणि परतायची वेळ असं गणित मांडावं लागतं. मुलींसाठी ही परतायची वेळ नेमकी किती आणि ती उलटून बाहेर राहायला परवानगी कशी मिळते, हे प्रवेश घेतानाच लेखी बघा. मंडईत मेट्रोला बसलं की तिसरं स्टेशन शिवाजीनगर, तिथून पुढे बस, एवढी सोय आता झाली आहे. दुचाकी आणणार असाल तर विद्यापीठात ती सुखाने राहील, पेठेत सम-विषम तारखा पाळत रोज रस्त्याची बाजू बदलत बसावं लागेल.

गणपतीचं वेगळं सांगतो. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी, टिळक, कुमठेकर, केळकर हे चारही रस्ते मिरवणुकीचे. पेठेत त्या रात्री झोप नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. एकदा तरी अनुभवावं. सबमिशन त्याच आठवड्यात असेल तर होस्टेलातल्या मैत्रिणीकडे पळावं.

तिसरा पर्याय म्हणजे औंध-सांगवीकडे चौघींनी मिळून फ्लॅट. पैसे वाटून परवडतात, पण स्वयंपाक, भांडी आणि गॅस कुणी आणायचा यावर मैत्री तुटते. पहिल्याच वर्षी नको.

भाचीला मी सांगितलं, नाव लागलंय तर होस्टेल घे. सुटलेली जागा वर्षाच्या मध्ये सहसा परत मिळत नाही. पेठेत कॉट दर जूनला रिकामी होते. पहिल्या वर्षी माणसं आणि ग्रंथालय हाताशी असू दे, दुसऱ्या वर्षी विषय ठरला आणि मंडळातले कागद लागायला लागले की पेठेत ये. मी नेमकं उलटं केलं होतं, आणि दुसऱ्या वर्षी रोज बसमध्ये त्याची किंमत मोजली.

तिने ऐकलं. मैत्रिणीची कॉट साताऱ्याच्या एका मुलीने घेतली. मागच्या रविवारी संध्याकाळी भाचीचा पुन्हा फोन, "मामा, आम्ही तिघी पेठेत आहोत, मेस बंद आहे, तुमच्याकडे काय केलंय?" खिचडी टाकली होती. आणखी दोन वाट्या तांदूळ धुतले.